दिसलं तेवढं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानांची चित्रं आहेत. पानावरच्या रोगाच्या प्रत्येक डागाभोवती एक बारीक काळी रेघ आहे. ती अकोल्याच्या तायडे काकांनी हातानं काढली, असं तिथे छापलं आहे. खाली त्यांची सही आहे. रेघ बरीचशी त्यांचीच आहे. पण जिथे जिथे त्यांनी हात उचलला होता, तिथे ती मी पुढे नेऊन जोडली, आणि सही तशीच राहू दिली.

लिहून टाकलं. आता तायडे काकांबद्दल जरा सैल हातानं लिहिता येईल. कारण हा माणूस काही गंभीर चेहरा करून सांगण्यासारखा नाही. त्यांच्यासमोर कुणी गंभीर चेहरा केलाच, तर ते कानावरची पेन्सिल काढून त्या चेहऱ्याच्या कडा शोधायला लागायचे.

मी अमरावतीत एका इंजिनिअरिंग कॉलेजात कम्प्युटर शिकवतो. चाळिशी उलटल्यावर पीएच.डी.ला बसलो. विषय असा: पानाचा फोटो कम्प्युटरला दिला, तर त्यातला निरोगी भाग कुठला आणि रोगाचा डाग कुठला, हे त्यानं आपलं आपण वेगळं करून दाखवायचं. त्यासाठी मी मुंग्यांची पद्धत घेतली होती. खऱ्या मुंग्या चालताना वाटेवर वास सोडतात. ज्या वाटेला वास जास्त, तिकडे आणखी मुंग्या जातात. जी वाट कुणी धरत नाही, तिचा वास उडून जातो. तशा आकड्यांच्या मुंग्या फोटोवर सोडायच्या. जिथे रंग एकदम बदलतो तिथे त्यांना खाऊ मिळतो असं ठरवायचं. थोड्या वेळानं डागाच्या कडेकडेनं त्यांची रांग लागते. ती रांग म्हणजे डागाची सीमा.

पण रांग बरोबर लागली हे ठरवायचं कुणी? माझे मार्गदर्शक म्हणाले, जाणत्या माणसाकडून त्याच डागांच्या कडा हातानं काढून आण, आणि त्यांच्याशी ताडून बघ. कुणीतरी तायडे हे नाव सांगितलं. अकोल्यात शेतीसंशोधनाच्या एका कार्यालयात ते आरेखक होते. पिकांवरच्या किडी, पानांवरचे ठिपके, बोंडातली अळी, असली चित्रं काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते आपल्या खोलीत काचेच्या टेबलावर वाकून बसले होते. टेबलाखाली ट्यूबलाइट, वर फोटो, फोटोवर बटर पेपर. मान वर न करता म्हणाले, "तुमीच का ते मुंग्यावाले?"

"हो. म्हणजे कम्प्युटरातल्या मुंग्या."

"गूळ खातात का त्या?"

"नाही, तसं नसतं ते."

"मंग चालतात कायले बिचाऱ्या?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "मंजे चांगली ठसठशीत कडा भेटली का त्या खुश. आन कडाच नसली त?"

"डाग आहे म्हणजे कडा असतेच ना."

आता त्यांनी मान वर केली. "सर," ते म्हणाले, "तुमी पान पाह्यलं का कधी?"

त्यांच्या या 'सर'चा अर्थ मला पुढे कळला. कार्यालयात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांचे 'भाऊ' नाहीतर 'बाबू' होते. एखाद्याला ते 'सर' म्हणाले की समजायचं, याचं काहीतरी चुकलं आहे. मी पहिल्या तासाभरातच तीनदा सर झालो.

खोलीच्या भिंतीवर एका अधिकाऱ्याची मोठी तसबीर होती. चेहरा भारदस्त, मिशा भारदस्त, आणि कान एकच. निवृत्तीच्या समारंभात द्यायला ती काकांकडून काढून घेतली होती. नमुना म्हणून जो फोटो मिळाला, त्यात साहेबांचा डावा कान फेट्याखाली गेला होता. काकांनी फेटा काढला नाही, कारण साहेब रोज फेटा बांधत नसत; आणि कान काढला नाही, कारण तो फोटोत नव्हता.

"मग साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"काई नाई. घेऊन गेले नाईत. म्हणून त इथं हायेत."

हे त्यांच्या घरी काकूंपाशी काढलं तर त्या पदर सावरत म्हणायच्या, "तुमी साहेबाचं काय सांगता? मले पाहाले आले तवा माह्या डोक्यावर पदर होता. घरी जाऊन आईले सांगतलं, नाक-डोये चांगले हायेत, कानाचं काई सांगता येत नाई. सासूबाईनं मंग मुद्दाम कान पाहाले माणूस धाडला."

"खरं तेच सांगतलं," काका म्हणायचे. "दिसलं तेवढं."

हे त्यांचं वाक्य होतं. प्रत्येक चित्राखाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'दिसलं तेवढं', आणि पुढे सही. या वाक्यापायी त्यांनी नातेवाईकही तोडले होते. नांदगाव खंडेश्वरकडच्या त्यांच्या साडूनं एकदा भावाभावांत वाटणीसाठी शेताचा नकाशा काढून मागितला. नाल्यानं एका बाजूचा बांध खाल्ला होता. काकांनी दोन दिवस उन्हात फिरून सुरेख नकाशा काढला आणि नाल्यापाशी बोटभर जागा कोरी सोडली. "इथं बांध दिसत नाई," म्हणाले. दोन्ही भावांचं आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं, की हा माणूस कामाचा नाही. दोन वर्षं काकूंना बहिणीकडून दिवाळीचं बोलावणं नव्हतं.

"एक रेघ वढली असती त हाताले लकवा मारला असता का?" काकू अजून विचारायच्या.

"वढणाऱ्याले काई होत नाई वं. ज्याच्या वावरातून जाते त्याले होते."

पुढचं दीड वर्ष मी दर पंधरा दिवसांनी अमरावतीहून अकोल्याला जात राहिलो. नुसता फोटो त्यांना चालायचा नाही, पानही समोर लागायचं. म्हणून आदल्या दिवशी भातकुलीकडच्या एका शेतातून पानं तोडायची, फोटो घ्यायचे, आणि पानं ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसायचं. मूर्तिजापूरपर्यंत शेजारचा माणूस विचारायचाच, भाजी कोणती म्हणून. रोगट पानं आहेत म्हटलं की तो जरा सरकून बसायचा. त्यामुळे माझा प्रवास ऐसपैस होत असे.

सोबत बडनेऱ्याचे आलूबोंडे न्यायचे, हा अलिखित करार होता. ते खाण्याआधी काका एक खेळ करायचे. बोंडे उचलून बशीत ठेवायचे, आणि ज्या वर्तमानपत्रात ते बांधलेले असत त्यावर उमटलेल्या तेलाच्या डागाभोवती पेन्सिलीनं रेघ मारायचे. मग चहा. मग गप्पा. अर्ध्या तासानं कागद माझ्यापुढे सरकवायचे. तेल रेघेच्या पलीकडे गेलेलं असायचं.

"आता सांगा सर, कडा कुठं हाय?"

"आता इथे आहे."

"आन मघाशी मी काढली ते खोटी होती का?"

मी बोंडा उचलायचो. ते मिरची चावत म्हणायचे, "रोगबी असाच चालते बाबू. पानात कुठं खतम झाला ते त्यालेच ठाऊक नसते. आपण त्याच्या वतीनं सही करून राहिलो."

एकदा त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. चौकटीवरून मुंग्यांची रांग चालली होती, खऱ्या. काकांनी ओलं बोट रांगेवरून आडवं फिरवलं. पुढची मुंगी त्या ओल्या पट्ट्याशी आली आणि थांबली. मिशा हलवल्या. मागे वळली, पुन्हा आली. तिच्यामागे गर्दी झाली.

"पाह्यलं? वाट नाई दिसली त थांबली. हे खरी मुंगी. तुमच्यावाली काय करते?"

"ती पुढे जाते. जवळची वाट शोधून रांग पूर्ण करते."

"मंग ते मुंगी नाई," काका म्हणाले. "ठेकेदार हाय."

त्या दिवसापासून मी फोन केला की ते विचारायचे, "काय म्हणतात ठेकेदार?" मी हसायचो. खरं सांगायचं तर मनातून चिडायचोही. माझ्या पद्धतीचा सगळा मोठेपणा त्या रांग पूर्ण करण्यातच होता.

काकांचे कागद एकेक करून माझ्याकडे येऊ लागले. तसं काम मी पुन्हा पाहिलेलं नाही. केसासारखी रेघ, पानाच्या शिरेपाशी किंचित दबून पलीकडे निघालेली. पण जवळजवळ प्रत्येक डागाला कुठे ना कुठे ती तुटलेली होती. जिथे तपकिरी रंग पिवळ्यात आणि पिवळा हिरव्यात हळूहळू मिसळत होता, तिथे काकांनी हात उचलला होता. कुठे तांदळाच्या दाण्याएवढी जागा मोकळी, कुठे बोटाच्या पेराएवढी. खाली 'दिसलं तेवढं' आणि सही.

मला बंद रेघ हवी होती. रेघ बंद असेल तर आतला भाग किती ते मोजता येतं आणि मुंग्यांच्या रांगेशी ताडून बघता येतं. मी अकोल्याला गेलो आणि एवढ्या जागा तेवढ्या जोडून द्या म्हणालो.

"देतो ना. दोन मिन्टाचं काम हाय," काका म्हणाले. "पण मंग खालचं वाक्य खोडतो. आन सहीबी."

"सही लागेल काका. तज्ज्ञाची सही असल्याशिवाय परीक्षक घेणार नाहीत."

"मंग जागा राहू द्या. तुमच्या मुंग्याईलेच शिकवा ना, नाई दिसलं त थांबा म्हणून. त्याच्यात काय शरम हाय?"

त्यांचं म्हणणं अशक्य नव्हतं. थांबणाऱ्या मुंग्यांचा प्रोग्राम लिहिता आला असता. मोजण्याची रीतही बदलता आली असती. त्याला आणखी सहा-सात महिने लागले असते, आणि निकाल इतका देखणा आला नसता. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण कॉलेजनं त्या वर्षी कागद काढला होता: ज्यांची पीएच.डी. वर्षअखेर होणार नाही, त्यांचा करार पुढे चालू राहणार नाही. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. मुलगी बारावीला होती. ही कारणं मी सांगतो आहे, त्यांच्याआड बसत नाही.

एका रविवारी दुपारी, बायको माहेरी मोझरीला गेली असताना, मी काकांच्या कागदांच्या प्रती कम्प्युटरवर उघडल्या आणि मोकळ्या जागा भरल्या. कशानं भरल्या हेही सांगायला हवं. माझ्या मुंग्यांनी त्या ठिकाणी जी वाट काढली होती, तीच काळ्या रेघेनं गिरवली. रेघेची जाडी काकांच्या रेघेएवढीच ठेवली, शिरेपाशी दाबायलाही विसरलो नाही. मग काकांची रेघ आणि मुंग्यांची रांग शेजारी ठेवून त्या किती जुळतात ते मोजलं. जुळणारच. परीक्षेला बसलेल्यानंच आदर्श उत्तरपत्रिकाही लिहिली होती. वीस वर्षं मी पोरांच्या कॉप्या पकडत आलो आहे. माझी पकडायला वर्गात कुणी नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुशीत म्हणाले, "विशेष म्हणजे, जिथे कडा अगदी पुसट आहे तिथेच तुमची पद्धत तज्ज्ञाच्या हाताशी उत्तम जुळते." टाळ्या झाल्या. मी पेढे वाटले.

प्रबंध बांधून आला तेव्हा एक प्रत घेऊन अकोल्याला गेलो. काका तोवर निवृत्त झाले होते. गोरक्षण रोडवरच्या त्यांच्या घरी पोचतो न पोचतो तोच काकूंनी दारातून आवाज दिला, "या हो डॉक्टर. हे सकायपासून दाढी करून बसले हायेत."

काकांनी हात धुतले, पुसले. टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला, त्यावर प्रबंध ठेवला. आपल्या चित्रांचं पान बरोबर काढलं आणि भिंग घेतलं.

भिंग डागाच्या कडेकडेनं चाललं, सावकाश. एका जागी थांबलं. थोडं मागे गेलं, पुन्हा तिथेच आलं. मग पुढे निघालं आणि दुसऱ्या जागी थांबलं. ते कुठे कुठे थांबणार हे मला आधीच माहीत होतं. त्यांनी पान उलटलं. दुसरं चित्र, तिसरं. तिसऱ्याच्या खाली 'दिसलं तेवढं' होतं, त्यावर भिंग बराच वेळ राहिलं. अक्षर त्यांचंच होतं.

मी बोलायचं ठरवलं होतं, असं म्हणणार नाही. तोंड मात्र उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी प्रबंध मिटला.

"छपाई चांगली हाय," ते म्हणाले. मग आतल्या बाजूला तोंड करून, "चहा ठेव वं. सर आले."

काकू बाहेर आल्या. "आता काहून सर? आताच त बाबू होते. आन डॉक्टर झाले ना ते."

"डॉक्टर झाले म्हणूनच," काका म्हणाले.

काकू हसल्या. मीही हसलो. टेबलावर बडनेऱ्याचे आलूबोंडे होते, वर्तमानपत्रावर तेल पसरत होतं. काकांच्या कानावर पेन्सिल होती. त्यांनी ती काढली नाही.

निघताना ते फाटकापर्यंत आले. "सांभायून जा, सर," म्हणाले. रिक्षा वळताना मी मागे पाहिलं. भिंग अजून त्यांच्या हातातच होतं. ते त्यातून आमच्या रिक्षाकडे बघत होते, की ठेवायचं विसरून नुसतेच उभे होते, ते मला सांगता येत नाही. तेवढं दिसलं नाही.

त्याला आता पाच वर्षं झाली. मी पुन्हा गेलो नाही. दिवाळीला फोन करतो. "बोला सर," ते म्हणतात. मुंग्यांचं विचारत नाहीत. काकू फोन घेऊन तब्येतीचं सांगतात आणि, "असे कसे विसरले आमाले, दोन तासाचा त रस्ता हाय," असं दरवर्षी म्हणतात.

दरम्यान ती चित्रं माझ्याजवळ राहिली नाहीत. पानांवरच्या रोगावर काम करणारी पोरं आपापली पद्धत तपासायला ती मागून घेतात. त्या संचाला 'तायडे संच' म्हणतात. नाव मीच दिलं, कृतज्ञतेनं दिलं असं सांगितलं. गेल्या महिन्यात माझीच एक विद्यार्थिनी एक चित्र घेऊन आली. म्हणाली, "सर, तायडे सरांनी इथे रेघ कशी काय ओढली असेल? मी सारखं पान बघून राहिली, मला तर इथे काहीच दिसत नाही."

"त्यांचा हातच तसा होता," मी म्हणालो.

ती मान हलवून गेली. आपल्याच डोळ्यांत काहीतरी कमी आहे असं समजून गेली, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. म्हणून हे लिहायला बसलो.

मूळ कागद माझ्या कपाटात आहेत. बटर पेपर पिवळा पडला आहे, रेघ तशीच काळी आहे आणि जिथे ती थांबली तिथे अजून थांबलेली आहे. माझ्याकडून दोन गोष्टी राहिल्या आहेत. तो संच ज्यांच्या ज्यांच्याकडे गेला, त्या प्रत्येकाला हे मूळ कागद पाठवून मधल्या रेघा कुणाच्या आहेत ते कळवायचं. सुरुवात त्या मुलीपासून. आणि अकोल्याला जाऊन, काकांनी पाहिलेलं त्यांना माझ्या तोंडानं सांगायचं. यातलं अजून काहीही केलेलं नाही.